मोऱ्यात खोचलेलं कार्ड

'दर्जा घसरला' हे शब्द कोणी माझ्यासमोर काढले की माझं डोकं फिरतं. वय झालं, रक्तदाबाची गोळी चालू आहे, मुलगी सारखी बजावत असते, तरी फिरतं. मागच्या हिवाळ्यात आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. माझ्याच वर्गातला एक जण, शहरात वाढलेला आणि आता पुण्यात स्थायिक झालेला, हातात कचोरीची प्लेट घेऊन मला म्हणाला, "आपल्या वेळी काय एकेक मुलं होती गं इथे! आता बघ, सगळी झाडीतली पोरं भरलीत. दर्जा घसरणार नाही तर काय?" मी म्हटलं, "मीही झाडीतलीच आहे." तो मनापासून हसला आणि म्हणाला, "तुझी गोष्ट वेगळी." माझी गोष्ट तसूभरही वेगळी नव्हती. ती कशी वेगळी नव्हती, हे त्या कचोरीवाल्याला उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते आहे. आणि त्या गोष्टीत तोही आहे, हे त्याला आजतागायत माहीत नाही.

आमचं गाव भंडाऱ्याकडच्या झाडीत, धानाच्या मुलखात, लाखनीपासून आत, मोठ्या तलावाच्या पाळीखाली. घरात बाबा, माय आणि मी. दोन मोठ्या बहिणी लग्न होऊन गेलेल्या. वर्षातले अकरा महिने ते घर बऱ्यापैकी घरासारखं असायचं, पण रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की त्याचं नुसतं कोठार व्हायचं. दार उघडं टाकून सगळे बांधीत, धानाच्या खाचरात. चुलीवर पहाटेच भाताचं मोठं गंज चढायचं. त्यासोबत लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, आणि तलावातले झिंगे मिळाले असतील तर त्यांची पाट्यावर वाटलेली चटणी. तोच भात सकाळी, तोच दुपारी धुऱ्याच्या बांधावर बसून, चिखलाचे हात बांधीतल्याच पाण्यात खळबळून. संध्याकाळी घरी आलं की अंगणात मोरे उभे करून ठेवायचे. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं यांचा तो मोरा, पाठीवर घेतला की वाकून काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यापासून कमरेपर्यंत पाऊस लागत नाही. आता सगळे प्लास्टिक पांघरतात. मोऱ्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज मात्र माझ्या कानात अजून आहे, आणि त्यात मिसळलेला पंचवीस बायांच्या गाण्याचा. एक बाई ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या, आणि गाण्याच्या लयीत सगळ्यांचे पाय एकदम एक पाऊल मागे जायचे. मी बी.एस्सी.ला भंडाऱ्याला मावशीकडे राहत होते, पण रोवणीला दरवर्षी घरी, त्या ओळीत. त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं आणि मलाही नाही.

गावात रोवणी उसनवारीवर चालायची. आज तुमच्या बांधीत सगळे, उद्या माझ्या बांधीत सगळे. ज्याची बारी असेल त्याच्या घरातलं झाडून सगळं माणूस बांधीत हजर पाहिजे, हा त्यातला नियम. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. दुसऱ्यांच्या लेकीसुना तुमच्यासाठी चिखलात उभ्या आणि तुमची पोरगी घरात बसून, म्हणजे आलेल्यांचा अपमान. एकदा एका घरचा जावई बारीच्या दिवशी लाखनीला सिनेमा बघायला गेला होता, तर पुढच्या वर्षी त्या घरच्या बारीला अर्धी माणसंच फिरकली नाहीत. आणि पऱ्हे तर थांबत नाहीत. एकदा खणून पेंढ्या बांधल्या की ती रोपं आज नाही तर उद्या जमिनीत गेलीच पाहिजेत, नाहीतर सडतात. मुदत म्हणजे काय, हे आमच्या माणसांना कोणी शिकवायची गरज नव्हती. फक्त आमची मुदत चिखलात होती आणि शहराची कागदावर.

त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले. मार्क चांगले पडले. भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या आमच्या बाई म्हणाल्या, एम.एस्सी.चा अर्ज भर, विद्यापीठात. गावातून तोवर कोणी तिकडं गेलं नव्हतं, मुलगा नाही की मुलगी नाही. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी अर्जावर सही केली ती अगदी सावकाश, जीभ दातांत धरून, आणि मग दोन दिवस भेटेल त्याला सांगत फिरले, "आमची इंदू आता इद्यापीठात जाते." अर्ज केला तो जूनच्या शेवटी. कार्ड आलं ते जुलैत, सोमवारी, आमच्या आठवडाभराच्या बारीच्या पहिल्या दिवशी.

टपाल वाटायचं काम श्रावणकाकांकडे होतं. त्यांची स्वतःची तीन एकर धानाची शेती, त्यामुळे रोवणीच्या दिवसांत ते टपालही बांध्यांमध्येच वाटत. घरी जाऊन उपयोगच नव्हता, घरात असायचं कोण? त्यांनी धुऱ्यावर उभं राहून बाबांना कार्ड वाचून दाखवलं. इंदूचं नाव लागलं, शुक्रवारपर्यंत तिनं स्वतः कागदपत्रं घेऊन यावं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मी तेव्हा बांधीच्या पार दुसऱ्या टोकाला होते, गाणं ऐन रंगात होतं. बाबांनी ते कार्ड आपल्या मोऱ्याच्या कामट्यांत खोचलं आणि पुन्हा पेंढ्या फेकायला लागले. मला ते दिसलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी रोज संध्याकाळी पाय चोळत मायला म्हणायचे, "अजून काई आलं नाई वं," आणि बाबा पलीकडं बसून भात खात असायचे. ते कसे खाऊ शकले, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मोरे भिंतीला टेकवून ठेवताना बाबांच्या मोऱ्यातून ते कार्ड माझ्या पायाशी पडलं. भिजून फुगलेलं, शाई पसरलेली, पण माझं नाव वाचता येत होतं आणि शुक्रवारची तारीखही. मी ते घेऊन ओसरीवर गेले. बाबा पाय धूत होते.

"बाबा, हे कवा आलं?"

"सोमवारी आलं."

"अन् तुमी मले सांगतलं काहून नाई?"

"आपली बारी होती ना, पोरी. तुले सांगतलो असतो तं तू बांधीतून निघाली असती. पंचवीस बाया आपल्यासाठी राबून राहिल्या, अन् आपली पोरगी निघून गेली, कसं दिसते ते? उद्या रोवणी सरते. सोमवारी जाऊ आपण."

"शुक्रवार शेवटचा होता! काल सरला तो!"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "अवं, तीन दिवसानं काय होते? एवढं मोठं इद्यापीठ, ते काय उठून जाते कुठी?"

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायची लाज वाटते. तुम्हाला अक्कल नाही, हे मी म्हणाले, एवढं पक्कं आठवतं. माय मध्ये पडली, तिलाही बोलले. जेवले नाही. रविवारी ऑफिस बंद, म्हणून रविवारीही मी बांधीत गेले आणि दिवसभर रागानं रोपं चिखलात खुपसत राहिले. शेजारून माय हळूच म्हणाली, "अवं, रोवून राहिली का गाडून राहिली?" बाकीच्या बाया हसल्या. मला रडू आलं, ते मोऱ्याखाली कोणाला दिसलं नाही.

सोमवारी वरठीहून गाडी पकडून आम्ही दोघं शहरात गेलो. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, पण महिनाभर चिखलात असलेले पाय एका आंघोळीनं निघत नाहीत. भेगांमध्ये काळं राहतंच. काखेत फडक्यात बांधलेला चिन्नोर तांदूळ होता. कोणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढं एकच त्यांना ठाऊक. काउंटरवरच्या बाबूनं माझं कार्ड दोन बोटांनी उचललं. "हे काय, पाण्यात बुडवून आणलं का? मुदत शुक्रवारी संपली. जागा गेली." बाबांनी घाईघाईनं तांदळाची पोटली पुढं सरकवली. घरचा आहे साहेब, वासाचा आहे, म्हणाले. बाबू मागं वळून मोठ्यानं म्हणाला, "बघा रे, झाडपे तांदूळ घेऊन आले ॲडमिशनला!" आतले दोन-तीन जण हसले. मग मला म्हणाला, "दरवर्षीचं आहे तुमचं. अर्ज भरता, नाव लागतं, आणि येत नाही. शिकायचं नसतं तर कायला भरता अर्ज?"

कॉरिडॉरमध्ये फळ्यावर यादी लावलेली होती, इंग्रजीत टंकलेली. नाव, मार्क, आणि आधीचं कॉलेज कुठल्या गावचं ते. माझं नाव वरून पाचवं होतं आणि त्यावर लाल रेघ मारलेली. पुढं शाईनं एक नवीन नाव लिहिलं होतं, माझ्यापेक्षा कमी मार्कांचं, शहरातल्या कॉलेजचं. तोच तो, मेळाव्यातला कचोरीवाला. पण मला खिळवून ठेवलं ते त्या एका रेघेनं नाही. मी खाली खाली वाचत गेले. माझी धरून लाल रेघा सात होत्या. लाखनी. साकोली. पवनी. मोहाडी. पुन्हा साकोली. लाखांदूर. सगळी धानाची गावं. शहरातलं एकही नाव कापलेलं नव्हतं, कापसाच्या मुलखातलंही नव्हतं, कारण त्यांना जुलैच्या त्या आठवड्यात स्वतःला चिखलात उभं राहायचं नव्हतं. सात घरांत सात कार्डं आली होती आणि ती मोऱ्यात, फडताळात, पागोट्यात कुठं ना कुठं जाऊन बसली होती. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की जगात एवढा अडाणी बाप माझ्या एकटीच्याच वाट्याला आला आहे.

मी तडक विभागप्रमुखांच्या खोलीत शिरले. परवानगी विचारल्याचं आठवत नाही. सर शांत होते, चष्मा पुसत होते, आणि त्यांच्या डोक्यामागं भिंतीवर भाताच्या फुलाचा भलामोठा रंगीत तक्ता होता, खाली लॅटिन नाव. मी म्हटलं, "सर, तुम्ही ज्यांची नावं कापली ती सगळी मुलं रोवणीत आहेत."

"रोवणी म्हणजे?"

मी त्या तक्त्याकडं बघत राहिले. गाडीनं दीड-दोन तासांवर पिकणारा तांदूळ हा माणूस रोज दोन वेळा जेवत होता, त्याच्या फुलाचे छेद मुलांना शिकवत होता. मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, ट्रान्सप्लांटिंग. पण ते काम जुलैत असतं तर तुम्ही लोक अर्जच कशाला करता?" मी म्हटलं, "मग तुम्ही जुलैत तारखा कशाला ठेवता?" माझा आवाज चढला होता. बाहेर माणसं थांबून बघायला लागली. सर चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. "तारखा मी ठरवत नाही," ते म्हणाले, "विद्यापीठ ठरवतं."

तेवढ्यात बाबा आत आले. चपला दाराबाहेर काढून, हात जोडून, पोटली तशीच काखेत. "साहेब, पोरीचा काई गुन्हा नाई. कार्ड मीच ठेवलो. चूक माई आहे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "असं आहे का?"

आणि मी, जी आत्ता फळ्यावर सात लाल रेघा वाचून आली होती, जिला पुरतं कळलं होतं की ही चूक एका माणसाची नाही, ती मी म्हणाले, "हो. चूक यांचीच आहे." बाबा म्हणाले नाही मी, यांची म्हणाले. कोणी वाटेत भेटलेला माणूस असावा तसं. कारण काचेतून तो बाबू बघत होता, आणि माझी जागा वाचवायला मला कोणाला तरी पुढं करायचं होतं.

सर म्हणाले, शेवटच्या यादीपर्यंत थांबा. शहरातली दोन-तीन मुलं मेडिकल-इंजिनिअरिंगला जातातच, जागा सुटते. तशी सुटली. ऑगस्टमध्ये मला प्रवेश मिळाला, शहरातल्या एका मुलाला नकोशा झालेल्या जागेवर. पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव आणि गाव सांगायचं होतं. मी गाव सांगितलं तेव्हा मागून कोणीतरी धान कांडल्यासारखा आवाज काढला आणि वर्ग हसला. बाकीच्या सहा जणांचं काय झालं, मला माहीत नाही. कोणी मास्तर झालं असेल, कोणी चिखला गावच्या खाणीत लागलं असेल. माझ्या वर्गात भंडाऱ्याकडची मी एकटी. त्यावरून पुढं दोन वर्षं मला ऐकावं लागलं की झाडीतल्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.

पुढं मी त्याच विभागात शिकवायला लागले, तिथूनच निवृत्त झाले. प्रवेशाच्या तारखा पोळ्यापर्यंत पुढं ढकला, हे मी किती बैठकांमध्ये बोलले असेन! सगळे समजूतदारपणे मान हलवायचे आणि पुढच्या विषयावर जायचे. तारखा कधीच हलल्या नाहीत. हलली ती शहरातली मुलं. आधी हुशार मुलगे दिसेनासे झाले, पुण्याला गेले, बंगळूरला गेले, परदेशी गेले. मग मुलीही गेल्या. बाकं रिकामी पडायला लागली, आणि त्या रिकाम्या बाकांवर लाखनीच्या, साकोलीच्या, पवनीच्या मुली येऊन बसल्या. रोवणी आटोपून आलेल्या, हातांना रोपांचे काप असलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या, पण तक्त्यावरचं फूल बघून "मॅडम, हे तं धानाचं फूल आहे" असं अर्ध्या सेकंदात सांगणाऱ्या. तेव्हा माझ्या सहकाऱ्यांनी आपापसांत म्हणायला सुरुवात केली की दर्जा घसरला. त्या येत नव्हत्या तेव्हा त्यांना आवड नव्हती. आल्या तेव्हा दर्जा गेला.

आणि आता? आता कोणाच्या कार्डावर शुक्रवार नसतो. आता मुदतवाढ असते. पहिली, दुसरी, चौथी, दिवाळीपर्यंत मुदतवाढ, कारण जागा भरतच नाहीत. ज्या दारात आम्हाला तीन दिवस मिळाले नाहीत, तिथं आता तीन महिने कोणी आत या, कोणी आत या म्हणून हाका मारतं. पण आत आहे काय? निवृत्त झालेल्यांच्या जागा भरलेल्या नाहीत, तासांवर शिकवणारी तरुण मुलं सहा-सहा महिने मानधनाची वाट बघतात, प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक कापडाखाली झाकून ठेवलेले. मेळाव्याच्या त्याच दिवशी जिन्यात एक मुलगी भेटली. चिखल्याची, वडील खाणीत. पहाटे निघून दोन बस बदलून आली होती. मला तिथली शिक्षिका समजून म्हणाली, "मॅडम, आमचा प्रॅक्टिकल कवा चालू होईल? तीन वेळा येऊन गेली मी, लॅबले कुलूपच राहते." खालून कचोऱ्यांचा वास येत होता. एवढं मोठं इद्यापीठ उठून जाते का कुठी, हा बाबांचा ओसरीवरचा प्रश्न मला आठवला. जाते बाबा, उठून जाते. आमची पोरं दाराशी पोचेस्तोवर ते हळूहळू, कोणाला न सांगता उठून जाते.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. दरवर्षी जुलै लागला की, मी तिथं नोकरीला लागल्यावरसुद्धा, ते हटकून विचारायचे, "इंदू, तुया इद्यापीठाची तारीख गेली तं नाई?" त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. गावात कोणाचं पोर कॉलेजात जायचं म्हटलं की हे स्वतः त्या घरी जायचे आणि सांगायचे, "कार्ड आलं की लगेच द्या हो पोराले. माया हातून एकदा झालं ते. माह्याएवढा येडा माणूस कोणी नसन." मी ते कित्येकदा ऐकलं. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती, हे कधी सांगितलं नाही. राग माझा बाबूवर होता, सरांवर होता, तारखांवर होता, पण तो काढायला घरात बाबा सोयीचे होते.

सांगायची संधी आली होती. त्या सोमवारी विभागप्रमुखांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर आम्ही त्या फळ्यासमोरूनच गेलो होतो. बाबा तिथं थांबले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेघा दिसत होत्या. तांदळाची पोटली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे लाल लाल काय मारलं आहे वं, पोरी?"

"काई नाई," मी म्हणाले. "चला."